न पाहिलेला जावई

—नाही, बसू नका, आधी हे टोक धरा. दोन्ही हातांनी. एकटीला घडी होत नाही ही चादर, आणि नात खाली नळावर उरलेल्या पिळतेय. खलाशांच्या लॉजच्या आहेत, दुपारच्या आत पोचत्या करायच्यात. ती वर येईपर्यंत आपलं बोलून होईल. ताणा. आणखी ताणा. तर तुम्ही म्हणता, तुम्ही तिचे वडील. म्हणजे माझे जावई. बरं. जावईबापू, सुरकुती राहिली तुमच्या बाजूला.

ती काल तुम्हाला बघून गळ्यात काय पडली, पेटी काय भरली, उद्याच्या बोटीनं बाबांबरोबर जाते म्हणाली. एकोणीस वर्षांची आहे— अक्कल यायचीय अजून. मला आलेली आहे. मी जावई पाहिलेलाच नाही. लेकीनं परगावी परस्पर लग्न केलं आणि परत आली ती पोट घेऊन, एकटी, तोंड शिवून. एवढंच म्हणाली, जहाजावर स्वयंपाकी आहे, भांडण झालंय, त्याचा विषय काढू नकोस. बाळंतपणात गेली. मग मी ओळखू कशावरून? कानांवरून? कान आहेत पोरीसारखे, नाही म्हणत नाही— पण मोठे कान काय, अर्ध्या गावाला असतात.

हं, दुमडा आता, या माझ्याकडे. तुम्हाला म्हणे सगळं आठवतं. डाव्या कोपरावर उकळतं तेल सांडलं ते. वादळात तीन दिवस स्वतःला चुलीशी बांधून घेऊन सगळ्या जहाजाला जेवायला घातलं ते. कप्तानाच्या टोपीत झोपणारा लंगडा कुत्रा. नात एकेक विचारत होती आणि तुम्ही हो हो म्हणत होता. पोरगी हरखली. मी मात्र तिथंच ओळखलं. कसं? अहो, ते सगळं मी रचलंय! भाजलेलं कोपर माझं— हे बघा, इस्त्रीचा डाग. वादळ शेजारणीच्या दिराचं. कुत्रा तर कुणाचाच नाही, पोरगी जेवेना म्हणून एका घासाला आणला, मग दर घासाला मागायला लागली. बाकीच्या पोरांचे बाप संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून बसायची. काय करणार? घडवला मी एक बाप. रोज थोडा थोडा. इतका घडवला की मलाच कधीकधी वाटायचं, आज येतोय की काय! आणि आता ही चादरी पोचवायला जाते, तर लॉजमध्ये जो दिसेल त्याला धरून तेच सांगते— असा असा माणूस कुठं बघितलात का? चार देशांचे खलाशी ऐकून गेलेत. तिथूनच उचललंत तुम्ही.

शिवाय काल वाढता वाढता मी विचारलं ना, आणि हो, 'मीठ कमी' म्हणून ओरडणारा तो पोपट? तुम्ही म्हणालात, फार वर्षं जगला. जावईबापू, तो पोपट मी तेवढ्यात केला होता, डाव हातात असताना! आता बोला. काय? तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना? वा. उत्तर बरं आहे. मीसुद्धा हेच दिलं असतं— म्हणूनच विश्वास बसत नाही.

आणि ऐका, मी एवढी ठाम का आहे ते. खरा बाप येऊच शकत नाही. का म्हणजे? पत्र आलं होतं त्याचं, पोरगी सहा महिन्यांची असताना. मला कुठलं वाचता येतंय, औषधाच्या दुकानदारानं वाचून दाखवलं— बायकोचं कळलं, लेकराला न्यायला येतो. न्यायला! माझी लेक नेली, आता हिलाही? तेव्हा नुकती बोट धरून झोपायला लागली होती माझं. मी दुकानदाराला म्हटलं, घे कागद, लिही— लेकरूही गेलं, आईमागोमाग, आठव्या दिवशी. लिही, आवाज फार बारीक होता तिचा. लिही, टोपडं शिवायला घेतलं होतं, एक नाडी लावायची राहिली. दुकानदार लिहिता लिहिता रडायला लागला हो— पोरगी माझ्या मांडीवर बसून त्याची बरणी वाजवत असताना! तिच्याकडे बघायचा आणि रडायचा. मीही रडले. नाडीपाशी तर मला हुंदका आवरेना. तेव्हा मेलेल्या लेकराला शोधत कोण बाप—

अहो, सोडलंत? गेली ना जमिनीवर! आता परत धुवायची कुणी? काय झालं? बसा बसा, पाणी... खिशात काय चाचपताय? कागद मला दाखवून काय उपयोग, मला अक्षर— थांबा. इकडे उजेडात धरा. हा खाली अंगठा कुणाचा? मधून आडवा चिरलेला... पाण्यात राहून राहून चिरतो तसा...

एवढी वर्षं जवळ बाळगलास हा? घड्या फाटल्यात, मागून कापड चिकटवलंय. आणि काय म्हणतोस, परवा कुठल्यातरी बंदरात कुणी त्या कुत्र्याची गोष्ट सांगितली, पोरीच्या आईचं नाव सांगितलं... आणि तू निघालास. काल तिनं विचारलं, इतकी वर्षं का नाही आलात, तर म्हणालास, ते आजीला विचार. मला वाटलं, थाप सुचेना म्हणून माझ्यावर ढकललं. पण या पत्राचं तू तिला सांगितलं नाहीस. सांगता आलं असतं.

बादली वाजली जिन्यात. प्रत्येक पायरीवर टेकवते ती. कागद आत ठेव— नको, ठेवू नकोस— मी सांगते तिला. सांगते काहीतरी. असं सांगू की त्या वर्षी टपालाची बोट... नाही. दुकानदारानं चुकून... तेही नाही. अरे, मला काहीच सुचत नाहीये. तू तोंड फिरव तिकडे, डोळे पूस.

ये गं. ठेव बादली. बस इथं, माझ्यासमोर. नाही, तो काही बोललेला नाही. मीच—