बाबांची बावीस मिनिटं

…अन् वरून म्हणती काय, "मामा, लई सोपं हाय! आतलं आतच भरायचं!" सोपं? तुम्हाला सांगतो, साठी ओलांडलेल्या माणसाला सोपं म्हणून जे जे सांगतात ना, त्यानंच माणूस खाटेला लागतो!

ही धम्मप्रिया, माझी भाची, नांदेडला कॉम्प्युटर शिकून राहिली. अन् मगजमारी कशाची? आमचे बाबा, साहेबराव कंडक्टर, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांची बावीस मिनिटांची मुलाखत एका वेबसाइटवर होती. आवाज तेवढाच उरलेला बघा. आमची माय पार्वतीबाई रोज म्हणायची, "संघपाल, माझ्या मोबाईलात घालून दे की रं." तिचा मोबाईल बटणाचा, नेट न्हाई, मेमरी कार्ड तेवढं चालतं. अन् वेबसाइटवर ऐकायचं बटण होतं, उतरवून घ्यायचं नव्हतं! खाली लिहिलेलं, शुक्रवारी पाच वाजता कायमची बंद.

मी आधी काय केलं… स्पीकरपुढं मोबाईल धरला. बाबा म्हणाले, "मुरुड-लातूर गाडीत मी…" कुकरची शिट्टी! "तवा तिकीट…" "भंगाऽऽर!" अन् मधीच आमची बायको सिंधु, "अवो, दूध उतू चाललं, बसलात काय!" बाबांच्या मुलाखतीत दूध! रागानं पुसूनच टाकलं.

मग भाचीला फोन. "मामा, आवाज बाहेर काढून परत कशाला पकडता? आतलं आतच भरायचं!" मग हे उघडा, ते दाबा, 'स्टिरिओ मिक्स', म्हंजे कॉम्प्युटरचा आतला आवाज, तो निवडा… मला तर ते दिसंनाच! "लपलेलं असतंय मामा." अहो, लपवायचं कशाला? चोरीचं हाय का? दोन तास गेले, शुक्रवारी चार वाजता सापडलं एकदाचं.

पंखा बंद केला, कुकर उतरवला, सिंधुला म्हणलं, खामोश! ती म्हणती, "आतलं आतच भरायचं हाय, तर आमचा श्वास कशाला कोंडता?" बरोबर हाय की न्हाई? पण ऐकतंय कोण! वर माझं शहाणपण बघा… बाहेरचा गलका आत शिरू नये म्हणून हेडफोन लावला, तोंडापुढं माईकची काडी असलेला! तो खुपसला अन् कॉम्प्युटरनं, मला न विचारता हो, स्टिरिओ मिक्स सोडून ती काडीच धरली! मला काय पत्ता?

बावीस मिनिटं बाबा कानात बोलले. काय आवाज हो… डोळ्याला पाणी आलं. फाईल झाली, कार्डात टाकली, पाच वाजले, वेबसाइट गेली. मायसमोर लावली, तर… बाबांचा एक शब्द न्हाई! नुस्ता मीच, हो ला हो करणारा! "हाव बाबा…" मग नाक ओढल्याचा आवाज. "हाव… बरोबर हाय बाबा…" भाचीला फोन केला, तर "मामा, आतलं आतच…" ठेवूनच दिला मी!

मायचे पाय धरले, चुकलो म्हणलं. ती मात्र बावीसच्या बावीस मिनिटं ऐकत बसली. मग म्हणती, "राहू दे. ते होते तवा सलग बावीस मिनिटं त्यांना हाव म्हणलास का रं कवा?"

आता रोज सकाळी तिच्या मोबाईलात मी सुरू होतो, "हाव बाबा…" माय मान डोलावती, सिंधु तोंडाला पदर लावून हसती. काय करता? चहा गाळता गाळता मी बी म्हणतो, हाव.