वरातीच्या गाडीचं दार

—कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. नवऱ्यानं नाही, शेजारणींनी नाही, आणि तू आता विचारतोस, मावशी, दार बघून एवढी का भडकलीस? अरे, ही गाडी माझ्या जावयाची होती! तू बाजारातून घेतलीस, दार खडखडतं म्हणून नेमकी माझ्याच अंगणात आणलीस. हे वरचं कव्हर मागाहून ठोकलंय कुणीतरी— त्याच्या खाली माझं काम आहे. याच ओसरीवर केलेलं. हार्डबोर्ड कापला, त्यावर फोम, फोमवर मलईच्या रंगाचं रेक्झिन ताणून बसवलं, मधे मेंढ्याच्या शिंगांची नक्षी शिवली, लोकरीच्या नमद्यावर असते तशी. बाकीच्या आया लेकीच्या रुखवतात रजया देतात, नमदे देतात. मी ते तर दिलंच, वर जावयाच्या गाडीची चारही दारं सजवून दिली. मिरवायची हौस होती का? होती! माझी एकुलती एक लेक, नुरझामल. का नको मिरवू?

आणि झालं काय? जलालाबादचं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे. नवरीची आई वरातीबरोबर जात नाही आमच्यात, मी इथंच डोळे पुसत बसलेली. तिकडं विहिणीच्या दारात गाडी थांबली, बायका ओढणी घेऊन सुनेला उतरवायला आल्या, दार उघडलं— आणि सगळं रेक्झिन सोललेल्या कातड्यासारखं पोरीच्या मांडीवर! सोल्यूशन झग्याला चिकटलेलं, ओढायला गेले तर पांढरा झगा टरकन फाटला. विहीण काय म्हणाली ठाऊक आहे? उमसुनाय— तोंड आहे की कात्री— म्हणाली, "आईनं पोरीलाही असंच चिकटवून पाठवलंय वाटतं, बघू किती दिवस टिकते." सगळा मोहल्ला हसला. अजून हसतो. चहा पातळ झाला, की आईचं वळण. पोर आजारी पडलं, की आईचं वळण. माझी लेक खाली मान घालून भांडी घासते, आणि मला त्यांच्याकडच्या कार्यात दाराशी बसवतात, चपला-जोड्यांच्या शेजारी.

मी घसा फोडून सांगितलं, माझं काम सुटत नाही! दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावते, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबते. कुणीतरी उचकटलंय. कोण उचकटणार, म्हणे. कोण म्हणजे? विहीण! लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी तिच्याच अंगणात होती ना? पण दाखवू काय— त्यांनी मला गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही, वरनं कव्हर ठोकलं न् विकून मोकळे. एक माझी धाकटी बहीण बुरुलचा तेवढी म्हणत आली, "अक्का, तिनंच केलंय, सोडू नकोस तिला." तीच आलीय आज, आत माझा डोक्याचा रुमाल इस्त्री करतेय. तिकडं जेवण आहे, धाकट्या नातवाला पाळण्यात घालतायत— आणि आजच अल्लानं तुला पाठवलं! हे पॅनल मी घेऊन जाणार. दस्तरखानावर, पुलावाच्या ताटाशेजारी आपटणार. उमसुनायनं सगळ्या बायकांसमोर वाकून माझ्या लेकीची माफी मागायची. नाही मागितली तर लेक आणि नातवंडं घेऊनच उठते तिथनं— हे लेकीलाही अजून सांगितलं नाही मी, तुला कशाला सांगत बसलेय. ओढ जरा. खालून. हां, सुटलं.

हे काय? फोम बघ. वितळलाय, गोल, पातेल्याच्या बुडाएवढा. आणि ही राख— वास घे. अरचाचा पाला, धुरीचा. धुरी दिलीय कुणीतरी, नवरीच्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून. काचा लावून, आत निखारे ठेवून, ताज्या सोल्यूशनच्या शेजारी! सगळ्यांना बजावलं होतं मी, धुरी नको म्हणून. पातेलं दाराला टेकलं असणार. मग जळका कोपरा कापला, माझ्याच थानातला उरलेला तुकडा जोडला, आणि ओल्या सोल्यूशनवर दाबून टाकला. टिकतंय कशाला! पण जोड बघ किती सफाईचा— उमसुनायला जमेल हे? तिला सुईत दोरा ओवता येत नाही. मग कुणी—

थांब. असा धर, उजेडात. हे टाके बघ. माझे उजवीकडं झुकतात. हे डावीकडं. डाव्या हाताचे आहेत हे. आईनं किती बडवलं होतं तिला, तरी सुई डाव्याच हातात धरायची.

वरात निघायच्या आधी गाडी इथंच उभी होती, माझ्याच अंगणात. माझाच दोरा, माझाच सोल्यूशनचा डबा. आणि इतकी वर्षं माझ्यासमोर बसून विहिणीला शिव्या घालत होती. मी विझायला आले की फुंकर घालायची. माझाच चहा पीत.

नाही, पाणी नको. तू जा. गाडी राहू दे, दार राहू दे, उद्या ये, नाहीतर येऊच नकोस. जा म्हणते ना! फाटक ओढून घे—

बुरुलचा!