मोठी बॅटरी

हसायचं तर हसा, पण सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक माउंटन बाइकमधलं सगळ्यात जास्त मला कळतं. शाळा सातवीत सुटली, पण मोटरचं सगळं मी मोबाइलवर बघून बघून शिकले. कारण एरवी ऑफिसातून आला की खोलीत शिरणारा माझा निखिल, बाइक घ्यायची ठरल्यापासून रोज जेवणानंतर माझ्याशेजारी बसायला लागला होता.

दोन महिने मी प्रत्येक बाइकला नावं ठेवली. "ही चढावर तापते. तिचे सुटे भाग मिळत नाहीत."

"आई, मग घेऊ तरी कुठली?"

तिथे माझा शहाणपणा नडला. म्हटलं, "मोटर भरवशाची घे आणि बॅटरी मोठीच घे. पैसा वसूल!"

घेतली. आता दर रविवारी ती मित्राच्या गाडीवर टाकून पलीकडे मलेशियात, जोहोरच्या टेकड्यांवर जातो. मोटर बंद पडत नाही, बॅटरी संपत नाही आणि मी दोन्ही वेळा एकटी जेवते.

परवा म्हणाला, "आई, जादाची एक बॅटरी घेऊ का?"

म्हटलं, "घे की. पण घाई नको हं. उद्यापासून जेवल्यावर बसू, एकेक नीट बघू."