टिकलीखालची गाठ

कोठी भागातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या कपाळावर, टिकलीच्या जागी, पट्टी होती.

"काय म्हणाले गं डॉक्टर?"

"गाठीचा तुकडा काढून त्यातलं एक एन्झाइम तपासलं. साध्या गाठीत ते हळू काम करतं. माझ्या गाठीत फार जोरात करतंय."

"काम करतंय तर चांगलंच की."

"नाही आत्या. म्हणजे गाठ कॅन्सरची आहे."

"एवढ्याशा फोडात?"

"एवढासा होता तेव्हाच दाखवू म्हणत होते मी."

"घरात तेजश्रीचं लग्न होतं, रसिका. वहिनी कपाळाला पट्टी बांधून ओवाळायला उभी राहिली असती, तर व्याही काय म्हणाले असते?"

"हौ. म्हणून तुम्ही मोठी टिकली लावायला दिलीत."

"किती शोभत होती तुला. सगळे म्हणाले."

"फोटोत गाठ कुठंच दिसत नाही."

"आता परेशान नको होऊ. कापली की जाईल."

"भुवईपर्यंत कापावं लागेल म्हणाले. तरी ती परत येणार नाही असं सांगता येत नाही."

"आणि खूण राहील?"

"राहील."

सासूबाईंनी तिची पट्टी निरखून पाहिली.

"सुलतान बाजारात याहून मोठ्या टिकल्या मिळतात."