दगडापुढची दारू

(कुरखेड्याकडच्या एका गावातली शाळा. एकोणीसशे पंचावन्नचा उन्हाळा. सतरंजीवर कोलू बेशुद्ध पडला आहे. त्याच्याजवळ शाळेचे मास्तर गुणवंतराव, दारूची भट्टी फोडायला बायांच्या पुढे गेलेली रुखमाबाई आणि कोलूची बायको सुकरी.)

गुणवंतराव : दाबून धरा, रुखमाबाई. धोतर भिजलं तरी हात काढू नका.

रुखमाबाई : काढत नाई. गुरुजी, हाड लागून राह्यलं बोटाले.

गुणवंतराव : तिकडे बघू नका. माझं ऐका. संध्याकाळपर्यंत फौजदार येईल. त्याला सांगायचं, ठेकेदाराच्या माणसांनी कोलूवर कुऱ्हाड चालवली.

रुखमाबाई : कुऱ्हाड तं माही होती.

गुणवंतराव : त्यांनीही मारलंच ना? आशाबाईचं डोकं फुटलं. सोमारीचे दात गेले.

रुखमाबाई : ते भट्टीवर. तिथी त्यायच्या काठ्या अन् आमच्या कुऱ्हाडी, बराबरीचा सौदा झाला. मुनीम आडवा पडला तं त्याच्या पाठीवरून बाया गेल्या, उंबरठा ओलांडावा तश्या. त्याचं मले काईच वाटत नाई. पण कोलूच्या टोल्यावर, त्या गोंडायच्या वस्तीत, ठेकेदाराचं कुत्रं बी नोतं.

गुणवंतराव : हे फौजदाराला कुठे माहीत आहे?

सुकरी : मले माहीत हाय.

गुणवंतराव : सुकरी, तू आधी पाणी पी.

सुकरी : पाणी पिऊन काय बोलाचं, ते बी तुमीच सांगान, मास्तर.

गुणवंतराव : अगं, समजून घे. भट्टी बंद करायचा हुकूम साहेबाच्या टेबलावर आहे. दारूबंदीवाल्या बाईनंच गरीब गोंडाचा हात तोडला असं कळलं, की तो हुकूम गेला. ठेकेदार हसत हसत नवी पिपं मांडेल.

सुकरी : मांडन तं मांडन. कोलूचा हात कोन मांडन?

रुखमाबाई : गुरुजी, एक विचारू? त्या अमेरिकेच्या बाया, ज्यायची गोष्ट तुमी सांगत होते...

गुणवंतराव : आता कशाला ते?

रुखमाबाई : त्या दारूच्या दुकानात जाऊन गुडघे टेकत. आमच्यानं ते जमलं नाई. त्यायच्यातली एक कुऱ्हाडीनं दुकानं फोडे, आमी तिच्यापासूनच सुरू केलं. ते राहू द्या. पण त्या लोकायच्या घरात घुसल्या का?

गुणवंतराव : नाही. त्यांनी दुकानंच फोडली. पुढे कायदा झाला, मग पोलीस घरात घुसले. माणसं मेली. चोरून दारू गाळणारे गब्बर झाले. शेवटी सरकारनं कायदाच मागे घेतला.

रुखमाबाई : हे तुमी सांगतलं नाई.

गुणवंतराव : सांगणार होतो. तोवर तुम्ही कुऱ्हाडींना धार लावायला उठून गेलात.

सुकरी : कोलूनं तुले सांगतलं होतं, बाई. हात जोडून सांगतलं. हे पियाचं नाई, हे मेलेल्या बाबाचं हाय. परवा बाबाचा दगड उभा कराचा. दगडाले दारू देल्याबिगर बाबाले वाट भेटत नाई. घरातच फिरते, लेकरायच्या अंगावर बसते.

रुखमाबाई : आयकलं होतं मी.

सुकरी : मंग मडकं काऊन फोडलं?

रुखमाबाई : माहा नवरा नथ्थू बी असाच म्हणे. देवाले चढवाची हाय, रुखमे, तू मधात पडू नको. देवाले चढवली अन् माह्या पोरीले, मनकर्णेले, मुसळानं जीवानंच मारलं. परकर घालाचं वय होतं तिचं. आता तो नागपूरच्या जेलात बसून हाय. तवापासून मडकं दिसलं का मले ते मुसळ दिसते. कोलूनं मडक्यावर हात ठेवला. मी मडक्याले मारलं, सुकरी. हात मधात आला.

सुकरी : आला नोता. होताच तिथी.

गुणवंतराव : बाहेर बघा जरा. चिंचेखाली टोल्यावरची सगळी माणसं जमलीत.

सुकरी : टोल्याचा म्हातारा लालसूबाबा म्हणते, हाताले हात. बाईले बाहेर काढा.

गुणवंतराव : सुकरी, मी कोलूला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेतो. तुझ्या घराकडे बघतो. तू फक्त त्यांना आवर.

सुकरी : आवरीन. पण तुमच्यासाठी नाई. बाईचा हात तोडला तं काम कोन करन?

रुखमाबाई : कोनतं काम?

सुकरी : ज्यानं सांडलं त्यानं भराचं. लालसूबाबाच्या घरी मोहफुलं भिजून तयार हाय. चूल पेटव, मडकं चढव, बाबाची दारू तूच काढ.

गुणवंतराव : वेडी आहेस का? अख्खा तालुका हिच्याकडे बघतोय. आणि फौजदार?

रुखमाबाई : चुलीपाशीच जबानी घेईन तो.

गुणवंतराव : काय सांगणार?

रुखमाबाई : मी मारलं म्हणून सांगीन. दारू काढताना बी तो पाहीनच. दोन गुन्हे होतीन. एकाच कागदावर मावते.

गुणवंतराव : आणि हुकूम? एवढ्या बायांनी मार खाल्ला तो?

रुखमाबाई : हुकूम खोटं बोलून आला तं तो बी ठेक्याचाच धंदा झाला, गुरुजी. भट्टी पुन्हा मांडली तं पुन्हा फोडू. भट्टीच. घरात पाय नाई टाकनार.

सुकरी : चाल मंग. चिंचेखालून जाताना मान खाली ठेव. कोनी थुकलं तं पुसू नको.

रुखमाबाई : मले काढता नाई येत. कधी दारूच्या चुलीजवळ उभी बी नाई राह्यली.

सुकरी : दाखवीन. पहिली धार निघाली का काढनाऱ्यानं चाखाची. त्याच्याबिगर बाबा घेत नाई.

रुखमाबाई : मी?

सुकरी : दुसरं कोन?

रुखमाबाई : चाखीन. नथ्थू सुटून आला तं त्याले मात्र सांगू नको.