शेजाऱ्याच्या बांधाला खांड

जबाब

नाव : जयमाला रणजीत घरत. वय : ६३ वर्षे. धंदा : निवृत्त प्राध्यापिका (राज्यशास्त्र), सध्या व्याख्याने देते. राहणार : दिवा गाव, ऐरोली, नवी मुंबई.

मी समक्ष हजर राहून, विचारलेल्याचे आणि जे विचारायला हवे होते त्याचेही उत्तर देते की, वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. शेजारच्याच घरात माझे दीर नामा घरत, त्यांची पत्नी गोजरा आणि मुलगा विपुल, वय २४, हे राहतात. विपुल तुर्भ्याच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवत असे.

केतन नावाच्या इसमाने माझ्याविरुद्ध फिर्याद दिली आहे. रविवारी दुपारी मी करंजाडे येथील इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटवर हत्यारबंद जमाव नेला, कुलूप तोडले, दहशतीसाठी लाऊडस्पीकर आणले, धमकी व चिथावणी दिली आणि त्याचे कामगार पळवले, असे त्याचे म्हणणे आहे. ते मला वाचून दाखवले.

सुरुवातीलाच मी दोन देशांची नावे लिहून घेण्यास सांगितले. जबाब घेणारे साहेब म्हणाले, "मॅडम, बाहेरच्या देशांची नावं नकोत. कागद वर गेला तर मला विचारतील." मी म्हणाले, आक्रमण करणाऱ्याचे नाव न घेणे ही त्याला परक्यांकडून मिळणारी पहिली मदत असते. साहेबांनी ऐकून घेतले आणि चहा मागवला. म्हणून या जबाबात ज्याने सैन्य घुसवले त्याला 'मोठा देश' आणि ज्याच्या घरात ते घुसले त्याला 'लहान देश' म्हटले आहे. ही तडजोड माझी नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी या युद्धावर बोलले. आक्रमण झाले की इतर देशांनी काय करावे, असा विषय होता. माझी बोलण्याची पद्धत अशी आहे की समोरच्याचे म्हणणे आधी मांडायचे, आणि तो स्वतः मांडेल त्याहून चांगले मांडायचे. मध्येमध्ये 'असे ते म्हणतात' म्हणून पळवाट ठेवायची नाही. ऐकणारा डळमळला पाहिजे. मग उत्तर द्यायचे. जुन्या वादविवादात याला पूर्वपक्ष म्हणत. मी आयुष्यभर असेच शिकवले.

त्याप्रमाणे मी मोठ्या देशाची बाजू मांडली. ती जमीन आमचीच होती. तिथली माणसे आमच्याच रक्ताची. आम्ही लढायला गेलो नाही, घर आवरायला गेलो. आता तिथे उभारणी चालू आहे, कामाला हात हवेत, जो येईल त्याला घर मिळेल आणि मान मिळेल. हे मी मोठ्या आवाजात आणि हात उंचावून बोलले. त्यानंतर जवळपास तासभर मी त्याचे उत्तर दिले.

पुढच्या आठवड्यात एक व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागला. त्यात फक्त पूर्वपक्ष आहे. खाली लिहिले आहे, 'प्राध्यापिका जयमाला घरत यांचे परखड विचार.' उत्तर कोणी कापले ते मला माहीत नाही. केतनने तो मुलांच्या ग्रुपवर टाकला हे माहीत आहे, कारण त्याच्याखाली त्याने आपला नंबर दिला होता. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे काम, मोठ्या देशात, राहणे-खाणे फुकट. करार त्यांच्या लिपीत. अशाच कामाला गेलेल्या मुलांचे वर्दीतले फोटो मी पाहिले आहेत. ती मुले त्या फोटोत हसत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी गोजरा माझ्या दारात आली. आत आली नाही. विपुल दोन दिवसांपूर्वी बॅग घेऊन गेला होता, त्याचा फोन बंद होता. एका मित्राकडून करंजाड्याच्या इमारतीचे नाव कळले होते, आणि सोमवारी पहाटेचे विमान आहे एवढेही. तिने तिचा मोबाईल माझ्यासमोर धरून व्हिडिओ लावला. ती म्हणाली, "तुजाच आवाज हाय ना ह्यान? माजा पोर तुज्या शब्दावर गेला. मी अडवीत होतू तवा बोल्ला, काकी शिकलेली हाय, तुला काय कलतंय." तिचे शब्द मी तसेच्या तसे सांगितले आहेत. ते तसेच लिहावेत.

मी तिला व्हिडिओ अर्धा आहे असे सांगितले नाही. तिला ते महत्त्वाचे नव्हते.

रविवारी सकाळी नामाभाऊजी मारुतीच्या देवळात गेले आणि तिथल्या माइकवरून ओरडले, "खांड परली! घरटी एक मानूस या!" हत्यारांचा खुलासा यातच आहे, म्हणून सांगते. आमच्या गावाची भातशेती खाडीकाठची होती. खारे पाणी अडवायला मातीचा बांध असे. उधाणात बांध फुटून भगदाड पडले की खांड पडली म्हणत. आरोळी आली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडे-घमेले घेऊन धावायचा. शेत कोणाचे हे विचारायचे नाही. ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे त्याच्या शेतातसुद्धा उतरायचे. खारे पाणी एका शेतात थांबत नाही, आणि मुरले की काही वर्षे तिथे भात होत नाही. आता गावाला शेत नाही, बांध नाही, तिथे सेक्टर आहेत. घरटी एक माणूस ही पद्धत मयताला आणि लग्नाला तेवढी उरली आहे.

पण आरोळी ऐकल्यावर म्हाताऱ्या माणसांनी विचार केला नाही. माळ्यावरची फावडी काढली, घमेली घेतली आणि देवळाशी आले. एकाने पहारही आणली. तरुण मुले विचारत होती, "कंची खांड? कुठं?" आणि तरी मोटारसायकली काढत होती. टेम्पो मिळाला तो आदल्या दिवशीच्या हळदीचा होता, त्यावर डीजेचे स्पीकर बांधलेलेच होते. सोडायला वेळ नव्हता. ते संपूर्ण वेळ बंद होते. मला स्पीकर लागत नाही, हे गावात कोणालाही विचारावे.

दुपारी आम्ही करंजाड्याला पोहोचलो. फ्लॅटला बाहेर लोखंडी जाळीचे दार होते, त्याला बाहेरून कुलूप होते. आतले लाकडी दार आतून बंद होते. जिन्यात सोसायटीचे सचिव दिलीप भेटले. ते म्हणाले, "मॅडम, हा सोसायटीचा मॅटर नाही. भाडेकरूचा पर्सनल आहे. फक्त लिफ्ट अडवू नका." मी विचारले, आतून कधी आवाज येतो का? ते म्हणाले, "येतो. मग आम्ही टीव्ही मोठा करतो."

दिलीप वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी आमच्यासाठी पार्किंगची जागा करून दिली.

मग समोरचे दार उघडले. शमीम अय्युब तुंगेकर तिथे राहतात, त्यांचे पती जहाजावर नोकरीला आहेत. त्या दिलीप यांना म्हणाल्या, "दिलीपभाई, टीव्ही मोठा करून किती दिवस काढायचे?" आणि मला म्हणाल्या, "ताई, चार पोरं आहेत आत. मी जाळीतून भाकऱ्या देते. फोन काढून घेतलेत त्यांचे. मी आधीच बोलायला पाहिजे होतं, पण एकटी बाई, म्हटलं कशाला टेन्शन." त्या दार उघडे ठेवून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या मजल्यावरची आणखी दोन दारे उघडली.

तेवढ्यात केतन जिना चढून आला. तो म्हणाला, "मॅडम, तुमी एज्युकेटेड आहात. लोडिंगचा जॉब आहे, फ्रंटवर कोण पाठवतंय? आणि तिकडचं भांडण तिकडचं. दोन्ही साइड सारख्याच खोट्या. आपण कशाला मधे पडायचं?" नंतर हसून म्हणाला, "पोरं तुमचाच व्हिडिओ बघून आलीत. कमिशन पाठवू का?" गावातले दोघे-तिघे पुढे सरकले. मी त्यांना मागे केले. फिर्यादीत धमकी म्हटली आहे ती एवढीच.

मी दारातून विपुलला हाक मारली. तो आतून म्हणाला, "काकी, जा ना. किती लोकं आणलीस, लाज वाटते." मी दार उघड म्हटले. तो म्हणाला, "तूच बोललीस ना? घर मिळेल, मान मिळेल. इथं काय आहे मला? गोदामाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, माहितीये तुला?" मला माहीत नव्हते. त्याच्या या प्रश्नाचे उत्तर माझ्या तासभराच्या भाषणातही नव्हते, हे नमूद करावे.

मग मी बंद दारासमोर उभी राहून भाषणाचा उरलेला भाग बोलले. फिर्यादी त्याला चिथावणी म्हणतो, म्हणून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

मी म्हणाले, विपुल, जो शेजाऱ्याच्या घरात रणगाडा घेऊन जातो तो कधी युद्ध म्हणत नाही. तो आवराआवर म्हणतो. मार खाणाऱ्यानेच आधी डिवचले म्हणतो. आणि हे दोन्ही कोणाला पटले नाही तर तिसरे म्हणतो, सगळेच खोटे बोलतात. हे तिसरे सर्वांत कामाचे असते. त्याला तुझा विश्वास नकोच असतो. तू कोणावरच विश्वास ठेवू नयेस आणि घरात बसून टीव्ही मोठा करावास, एवढे त्याला पुरते.

मी म्हणाले, बाहेरच्या देशांना काय करायचे ते तुझ्या आजोबांना ठाऊक होते. खांड पडली तर खांड पडली म्हणायचे. समुद्राचीही काही बाजू असेल, यावर बांधावर चर्चा करायची नाही. लुटीचा माल स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा नाही. ज्याचे शेत आहे त्याला माती द्यायची, हात द्यायचे, त्याची माणसे उघड्यावर आली तर आपल्या पडवीत घ्यायची. अर्धे शेत समुद्राला देऊन टाक आणि शांत बस, असा सल्ला या गावात कोणी कोणाला दिला नाही. कारण देऊन टाकलेल्या अर्ध्या शेतातून पाणी उरलेल्या अर्ध्यात येते, आणि मग पुढच्याच्या शेतात. तिथे हात हवेत म्हणून तुला नेत आहेत. ते हात बांध फोडायला हवे आहेत. तिथेही कोणाची तरी काकी दाराशी उभी असेल, आणि त्या दाराच्या बाहेर तू असशील.

इथे नामाभाऊजी म्हणाले, "वैनी, जरा आटपा."

मी आटपले. मी म्हणाले, तुझ्या कामाचे माझ्याकडे उत्तर नाही. पण घरटी एक माणूस आला आहे. ज्यांच्याशी तुझा बाप बोलत नाही ते भोईरही आले आहेत, घमेले घेऊन.

गोजरा जाळीला धरून उभी होती. मग लाकडी दाराची कडी आतून निघाली. ती कोणीही तोडलेली नाही, विपुलने स्वतः काढली. हे फिर्यादीत नाही.

जाळीच्या दाराचे कुलूप कोणी तोडले, याबद्दल मला तीनदा विचारण्यात आले. मी पाहिले नाही. मी विपुलकडे बघत होते. पहार जप्त केली आहे ती गावाची आहे, काम झाल्यावर परत मिळावी.

विपुल बाहेर आल्यावर गोजराने त्याच्या कानाखाली मारली. फिर्यादीत तिचे नाव नाही, ते घालू नये. परत जाताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली. माझ्याशी अजून बोललेली नाही.

आतली इतर तीन मुले बाहेर येत नव्हती. एक हिंगोलीकडचा आहे, एक उत्तर प्रदेशचा, तिसऱ्याने गाव सांगितले नाही. मी म्हटले, तुम्हीही चला. हिंगोलीचा म्हणाला, "मावशी, आमच्याकडून कोण आलंय?" मी उत्तर देण्याआधी शमीम यांनी त्यांच्या बॅगा उचलून आपल्या घरात नेल्या. मुले बॅगांच्या मागे गेली. ती सध्या तिथेच आहेत. आज पहाटेचे विमान त्यांच्याविना गेले. त्यांचे आणि विपुलचे पासपोर्ट अजून केतनकडे आहेत. ते ताब्यात घ्यावेत, आणि याआधी त्याने किती मुले पाठवली याची चौकशी व्हावी, अशी माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे. ती याच जबाबात धरावी किंवा वेगळी लिहून घ्यावी. घेतल्याशिवाय मी उठणार नाही. मला घाई नाही.

व्हिडिओबद्दल मी माफी मागावी, असे गावातल्या काहींनी सुचवले आहे. भाषण मी मागे घेत नाही. येत्या रविवारी त्याच वाचनालयात ते पुन्हा करणार आहे, पूर्वपक्षासह. या वेळी उत्तर आधी देईन.

जमावातल्या सर्वांची नावे मला विचारली आहेत. ती सांगण्यास हरकत नाही. ती घरटी एक या हिशेबाने लिहावीत, कारण माणसे त्याच हिशेबाने आली होती. त्या तीन मुलांच्या घरून कोणी आले नव्हते. त्या तिन्ही घरांपुढे माझे नाव लिहावे.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून मराठीत वाचून दाखवला. हवालदार मध्ये थांबले तेव्हा मी पुढे वाचायला सांगितले. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. यातला एखादा तुकडा काढून कोणी वाचला तर तो माझा नाही. पूर्ण वाचला तर शेवटच्या शब्दापर्यंत माझा आहे.

समक्ष सही
जयमाला रणजीत घरत