तिसऱ्या सिलिंडरला जरा जास्त

— पाय काढू नकोस, पाय काढू नकोस म्हटलं ना! काटा तीन हजारावर धर — हां, तसाच. टाच खाली टेकव आणि नुसतं पाऊल हलव. ओरडतेय ती रागानं नाही गं, गाडी रोलरवर धावतेय आणि माझा गळाच असा आहे, नवरा असता तर बहिरा झाला असता. तू बोलू नकोस, तुझं काही ऐकू येत नाही इथे, मान हलव फक्त. सकाळी ढकलत आणलीस ना? थंडीत ढकलावीच लागते. जूनच्या ऐन हिवाळ्यात अल्कोहोलची गाडी म्हणजे आळशी सून, आधी पेट्रोलचा एक घोट घशात ओतल्याशिवाय अंथरुणातून उठायची नाही. कागदावर इथेनॉल म्हणतात, म्हणू देत, आमच्या सेर्तांझिन्योत अल्कोहोलच म्हणतात — गावाच्या चारी बाजूंना ऊस, रात्रंदिवस कारखान्याची वाफ, आम्हाला कोण शिकवणार नाव. आता सोड पाय. हळू! बंद कर. कर बंद. ये बाहेर, हात लाव या नळीला — टर्बोच्या पुढच्या, मागच्या नको, हात भाजेल. गार लागली? घाम फुटलाय बघ तिला. ही अल्कोहोलची गंमत. टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, आणि हे बेटं आत शिरताना सगळं थंड करत जातं. म्हणून हवा आणखी कोंबता येते, ठिणगी आणखी लवकर देता येते, जे पेट्रोलवर केलंस तर पिस्टनला भोक. पितं मात्र भरपूर. पितं पण झिंगत नाही, माझ्या ओळखीतल्या पुरुषांच्या अगदी उलट.

बस त्या स्टुलावर. कॉफी घे. चीजचे पाव आहेत त्या पिशवीत, कालचे आहेत पण चांगले आहेत. तर — तुझ्या या शेवेट गाडीचं ट्यूनिंग कुणी केलं म्हणालीस? "जाबोतिकाबालला एकानं"? एकानं! अगं पोरी, मी लॅपटॉप गाडीला जोडला नि पहिल्या मिनिटाला ओळखलं कुणाचा हात आहे तो. हे बघ, ये इकडे. चार सिलिंडर, चार इंजेक्टर, चौघांना सारखं जेवण मिळायला हवं की नको? आणि हा बघ तिसरा, याला जरा जास्त. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक ओळीत, तिसऱ्याला जरा जास्त. असं या जगात एकच माणूस करतो. ओनोफ्रे. तिसरा सिलिंडर गरम होतो अशी त्याची श्रद्धा आहे, लोकांची संतांवर असते तशी. भित्रा मेला. मी काढून टाकलं ते, चौघांना सारखं केलं, आता बघ कशी पळेल. आणि ठिणगी पण! सगळीकडे एक डिग्री उशिरा, हातची राखून. दुधाचं पातेलं चुलीवर ठेवून तिथेच उभा राहणारा माणूस आहे तो, उतू जाईल म्हणून उकळूच देत नाही.

ओळखते कसली, चौदा वर्षं एका छपराखाली काढली. याच छपराखाली. बाहेरची पाटी पाहिलीस? अदालजिझा टर्बो. त्या "अदालजिझा"च्या पुढे रंग जरा जाड दिसतो ना, त्याखाली "आणि ओनोफ्रे" आहे. दोन हात मारले तरी उन्हात वर येतं, त्या मेल्यासारखंच चिवट. लग्न नव्हतं केलं, वेळ कुठे होता, पण पाद्रीसुद्धा विचारायचा बंद झाला होता. तो लॅपटॉपवर, मी स्टिअरिंगवर. मी गाडी पळवायची आणि त्यानं ती पळेल असं करायचं. आणि नाक माझं. पंपावर ती काचेची नळी असते बघ, तिच्यात गोटा तरंगतो, अल्कोहोलात पाणी आहे का ते सांगायला — ती नळी फसेल, माझं नाक फसायचं नाही. कुठल्या पंपाचं आहे तेसुद्धा सांगायचे मी. ओनोफ्रे म्हणायचा, "आदा, तुझं नाक विमा उतरवण्यालायक आहे." गोड बोलायचा हां. तोंडानं गोड आणि हातानं भित्रा.

तो कप? तो कप त्याचा नाही. म्हणजे त्याचा होता. आता त्यात मी नटबोल्ट ठेवते. रिकामा आहे कारण आज धुतला, नटबोल्टाचा कप धुऊ नये असा कायदा आहे का?

आणि ऐकलंय मी, गोयानियाला चाललाय बहिणीकडे, कायमचा. उद्या रविवार, दुपारी दोनची बस, सामान आधीच पाठवलंय, लेथ मशीन विकलं, कुत्रा शेजारणीला दिला. मला काय त्याचं? मी काही चौकशी केली नाही, लोकच येऊन सांगतात, बेकरीत सांगतात, पंपावर सांगतात. मी विचारलं नसतानाही सांगतात — बसची वेळ तेवढी विचारली मी. जाऊ दे की. गोयानिया चांगलं शहर आहे. उकाडा आहे म्हणतात. त्याला उकाडा सोसत नाही, अंगावर घामोळं उठतं, मान नुसती लाल होते, तर ते त्याचं तो बघेल. मी का सांगायचं?

काय झालं होतं म्हणजे? तुला कशाला हव्यात चौकशा? बरं, सांगते, कॉफी आहे तोवर सांगते. पाच वर्षांपूर्वी पिरासिकाबाला शर्यत होती. चारशे मीटरची सरळ पट्टी, दोन गाड्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास. आम्ही फायनलला पोचलो. समोर लिमेराचा एक, कंपन्यांच्या पैशावर माजलेला, आणि इकडे आम्ही, म्हणजे मी, ओनोफ्रे, आणि पिंपावर राखणीला माझे बाबा. झेफेरिनो नाव त्यांचं. आयुष्यभर ऊसतोड केली माणसानं, हाताची दोन बोटं कोयत्यानं नेलेली, शेवटी शेवटी डोळ्यांनी पण कमी दिसायचं. अल्कोहोलचं पिंप आम्ही घरून नेलेलं, त्यावर बाबांना बसवलं, म्हटलं कुणी पाणी ओतेल, काडी टाकेल, लिमेरावाल्यांचा काय भरवसा. बाबांना अल्कोहोल मुळात पटायचंच नाही. "गाडीला काय दारू पाजता रे? मी जन्मभर तोडला तो ऊस माझ्या पोरीच्या गाडीनंपण चघळायचा का? साहेबांच्या गाड्या पेट्रोल प्यायच्या, पेट्रोल!" असं चालायचं त्यांचं. आम्ही हसायचो.

तर फायनल. दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला, आणि गाडीत जीवच नाही. अगं सेमीफायनलला पाठीत लाथ घातल्यासारखी निघालेली गाडी, आणि आता एखाद्या बाईनं बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढावा तशी. अर्ध्या गाडीनं हरले. अर्ध्या! परत आले तर लोक दात काढतायत, म्हणे काळा धूर सोडत आलीस, ट्रक आहे का हा? काळा धूर! अल्कोहोलच्या गाडीला जन्मात काळा धूर नसतो. लॅपटॉप उघडून बघितलं तर फायनलच्या आधी, मी हेल्मेट घालत असताना, या माणसानं ठिणगी मागे घेतलेली, उशिरा पडेल अशी. एक नाही, दोन नाही, सहा डिग्री! मला न सांगता. मी विचारलं, का केलंस? गप्प. सगळ्यांसमोर विचारलं, भ्यालास? लिमेरावाल्याकडून पैसे खाल्लेस? गप्प. नुसता मान खाली घालून उभा, मान लाल. वर संध्याकाळी जाऊन ते पिंप घासून धूत बसला, म्हटलं आता भांडी घासून माफी मागतोय. घरी आल्यावर त्याची बॅग रस्त्यावर. संपलं. एक शब्द बोलले नाही त्यानंतर. बाबा गेले गेल्या नाताळाच्या आधी, तेव्हा आला होता, आगंतुकासारखा, खांदा द्यायला. बाबांच्या पेटीला हात लावून उभा राहिला कितीतरी वेळ आणि रडला. मी तोंड फिरवलं. म्हटलं नाटकी मेला, माझ्या बापाशी याचं एवढं काय होतं?

हसतेस काय? मघापासून बघतेय, ओठ दाबून हसतेस. आणि त्या टोपीखाली — काढ गं टोपी. काढ म्हणते ना. अरे देवा. हे कान! हे सुपाएवढे कान या जिल्ह्यात एकाच घरात आहेत. तू त्याची कोण? पुतणी? भावाची? तायनारा — अगं ती नाकातून शेंबूड गळणारी तायनारा तू? माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायचीस! आणि मी तासभर तुझ्या काकाला मेला मेला म्हणतेय नि तू माझेच पाव खातेयस. त्यानं पाठवलं? नाही? त्याला माहीतच नाही? मग ऊठ, जा, त्याची भाचरं-पुतण्या मला माझ्या दुकानात नकोत. घे अजून एक पाव आणि जा.

काय? एक प्रश्न? विचार आणि मग नीघ.

हं. समजा, इंजिन शुद्ध अल्कोहोलवर बसवलेलं. समजा, टाकीत निम्मं पेट्रोल गेलं. कसं गेलं? समजा म्हणजे समजा, बरं. गाडी रांगेत उभी, टाकी उपसायला वेळ नाही, दुसरं इंधन नाही, आणि चालवणारी ऐकणारी नाही, ती पळवणारच. आत्ताच्या आत्ता काय करायचं? परीक्षा घेतेस होय माझी? अगं हे झोपेतसुद्धा सांगेन. आधी समजून घे काय होईल ते. पेट्रोलला एवढी लवकर ठिणगी सोसत नाही, इंजिन आतून ठोकायला लागेल, दोन-तीन ठोक्यांत पिस्टन फुटेल, तेल मागच्या चाकांखाली, आणि गाडी त्या वेगात थेट भिंतीवर, आतल्या बाईसकट. म्हणून काहीही करून ठिणगी मागे घ्यायची. किती? एवढ्या दाबाला, निम्म्या पेट्रोलला — सहा डिग्री. आणि इंधन कमी करायचं नाही. अल्कोहोलच्या हिशेबानं पेट्रोल पडलं की ते फार जास्त होतं, पण पडू द्यायचं, तेवढंच थंड राहील. गाडी मेल्यासारखी पळेल, मागून काळा धूर निघेल, पण बाई जिवंत —

सहा डिग्री.

काळा धूर.

थांब. बोलू नकोस. एक मिनिट बोलू नकोस.

माझं नाक होतं ना तिथे. मला वास आला असता. नाही — सर्दी होती मला. डोकं भणभणत होतं आणि वर हेल्मेट. पण पेट्रोल येईल कुठून? पिंपावर बाबा होते, बाबा जागचे हलले नसते, कुणाला हात लावू दिला नसता त्यांनी — सेमीफायनलच्या वेळी हलले होते. डबा घेऊन गेले होते कुठेतरी. मी म्हटलं पाणी आणायला. आले ते इतके खूश, गालातल्या गालात हसत. फायनलला जाताना माझ्या खिडकीशी वाकून म्हणाले, "पोरी, आज तुझ्या गाडीला साहेबाचं जेवण घातलंय. आता कोण हरवतंय बघू." मला वाटलं तीर्थ शिंपडलं असेल बॉनेटवर, नेहमी शिंपडायचे तसं. मी म्हटलं, हो बाबा, हो, काच वर करू द्या.

पेट्रोल. अल्कोहोलाच्या दीडपट भाव पेट्रोलला. स्वतःच्या पेन्शनीतून. माझ्या फायनलसाठी.

आणि त्याला कळलं. फायनलसाठी टाकी भरल्यावर त्यानं पिंप हुंगलं असेल, बाबांकडे बघितलं असेल. मला तिथे सांगितलं असतं तर मी थांबले असते? नसते थांबले. उलट त्या शंभर माणसांसमोर बाबांवर ओरडले असते, माझा गळा तुला माहीतच आहे. आणि बाबा मेले असते लाजेनं तिथल्या तिथे. म्हणून गप्प. पिंपसुद्धा धुऊन टाकलं, मला वास लागू नये म्हणून. पाच वर्षं गप्प! बाबा असेपर्यंत ठीक आहे गं, पण बाबा गेल्यावर तरी सांगायचं! काय, त्यांच्या मागे त्यांचं नाव कशाला घ्यायचं म्हणाला? असं म्हणाला? गाढव आहे. गाढवांचा राजा आहे. आणि मी त्याला सगळ्यांसमोर — बाबा, अहो बाबा, काय केलंत हो तुम्ही. एवढ्या प्रेमानं कुणी कुणाचं इंजिन फोडतं का?

रडत नाहीये. कॉफी गरम आहे. गार? मग गार आहे.

सरक. लॅपटॉप दे इकडे. तिसऱ्याचं मघाशी काढलं ते परत घालते. हो, जरा जास्तच, होता तेवढं. गरम होत असेल तिसरा, मला काय माहीत, त्याला माहीत असेल. झालं. किल्ली दे. तुझ्या गाडीची, दुसरी कुठली? माझा टेम्पो जाबोतिकाबालपर्यंत पोचेपर्यंत उद्याची बस सुटायची. पेट्रोलचा घोट दे तिला आधी, गारठलीय परत. तो कप दे. नाही, असाच दे, पुसू नकोस, धुतलाय म्हटलं ना. तू इथेच थांबायचंस. शटर अर्धं ओढून घे, कुणी आलं तर सांग मालकीण बाहेर गेलीय, कुठे गेलीय ते सांगायचं नाही, लोकांना नसत्या चौकशा. आणि त्या बाहेरच्या पाटीला हात लावू नकोस — किंवा लाव. तिथे फडकं आहे, थिनर आहे. तो जाड रंग खरवड जरा.

आणि तोंड मिट आता. सकाळपासून नुसती बडबड चाललीय तुझी.